तक्ता क्रमांक तीन

तक्ता तीनमध्ये चारशे बारा बाळं आहेत.
सरासरी वजन दोन हजार सहाशे चाळीस.
एक्याऐंशी साल, म्युनिसिपालिटीचं प्रसूतिगृह, नायगाव.
लेखक डॉ. किंजवडेकर आणि दोन सहकारी.

रजिस्टर दुसऱ्या मजल्यावर सापडलं,
मोडक्या इन्क्युबेटरमागे, लाल कापडात बांधलेलं.
तीन शनिवार बसून मोजलं.
चारशे एकतीस.

एस्तेर सिस्टर पेणकर आता सात रस्त्याला राहतात.
ऐकू कमी येतं. पण रजिस्टर मांडीवर ठेवलं
तसं तांदूळ निवडावेत तसं बोट फिरायला लागलं.
"हे माझं अक्षर. हे पण.
हे सालढाण्याचं, ती पाचाची शेपटी विसरायची,
तिचे पाच शून्यच समजा."

वजन?
"काटा गार लागतो ना पोरांना, म्हणून दुपट्यासकट."
मग दुपटं वजा करायचात?
"बारा खाटा, एकवीस बायका.
वजाबाकी कधी करणार, डॉक्टर?"

आणि आठवडे?
"बाई म्हणायची, गौरी गेल्या तेव्हा पाळी चुकली.
मी लिहायची छत्तीस."

मग ते एकोणीस.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"किलोच्या आतलं. रडलं नाही
तर साहेब म्हणायचे, राहू दे, पेन्सिलनं लिहा."
रडलं की नाही, हे कोण ठरवायचं?
"दाराशी जो उभा असेल तो."

मला कुणाला पकडायचं नव्हतं.
पण हा तक्ता पुढे एका लेखात गेला,
लेखातून पुस्तकात, पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात,
आणि तिथून आमच्या भिंतीवर,
प्लास्टिक चढवलेल्या कागदावरची एक वाकडी रेषा होऊन.
रेषेखालचं बाळ काचेत.
वरचं आईजवळ.

काल रात्री रुखसाना मुकादमची मुलगी.
उघडी, इलेक्ट्रॉनिक काट्यावर, पाय झाडत:
एक हजार नऊशे ऐंशी.
रेषा दोन हजार चाळीसवर.

तिला उचलून घेतलं,
आणि रिकाम्या काट्यावर
सिस्टरनी ट्रंकेतून काढून दिलेलं दुपटं ठेवलं,
घडी घातलेलं, डांबराच्या गोळीचा वास येणारं.
चौऱ्याऐंशी ग्रॅम.

मी आकडा कागदावर लिहिला नाही.
साखर तपासली, ताप बघितला,
मुलीला आईच्या छातीवर दिलं
आणि पहाटेपर्यंत दर तासाला उठून गेले.
एकदाही खात्री वाटली नाही.
श्वास मोजले, तेवढे मात्र माझे मी मोजले.

सकाळी रजिस्टर परत बांधताना
पान उजेडाकडे धरलं.
शिसपेन्सिल पुसट होत चालली आहे.
एकोणीसपैकी सतरा वाचता येतात.