दोनशे अकरा पेट्या

पेट्या संध्याकाळी मोजायच्या,
माश्या घरी परतल्यावर.
दिवसा मोजल्या तर नुसती लाकडं मोजली जातात.
हे मला लॅक्लननं सांगितलं,
फाटकाला टेकून, माझ्याकडे न बघता.

कोर्टानं मला इन्व्हरकार्गिलहून पाठवलं होतं:
टेप, कॅमेरा, गमबूट, छापील तक्ते.
माझं काम किंमत लिहिणं.
चूक कुणाची, हा रकाना आमच्या कागदावर नाही.

मध काढायचं यंत्र, एक.
ट्रक, जुना, डावं दार आतून उघडत नाही.
मेंढ्यांच्या कुंपणापलीकडचं घर, त्यातलं निम्मं बँकेचं.
धुराचं भांडं, चाळीस डॉलर.
हे दोघांच्याही यादीत होतं,
आणि दोघांनीही त्याखाली रेघ ओढलेली.

मेरेअनाच्या शपथपत्रात पगाराच्या जागी
एकोणीस वर्षं शून्य.
समोरचा वकील म्हणाला, बाई घरीच असायच्या.
तिनं पिशवीतून वह्या काढल्या,
मेणाचे डाग पडलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली.
"सत्तेचाळीस: राणी म्हातारी झाली. बदलावी."
"एकशे तीन: उपाशी. साखर दिली. रुआरीला ताप."
"एकशे तीन: सावरली. रुआरीही."

न्यायाधीशबाईंनी ते पान दोनदा वाचलं.
मग लॅक्लनला विचारलं,
ही साखरेची पोती कोण उचलायचं?
"तीच," तो म्हणाला.
"माझी पाठ गेली होती त्या वर्षी."
त्याच्या वकिलानं हळूच पेनाला टोपण लावलं.

पेट्या निम्म्या निम्म्या.
यंत्र त्याला, त्याचे अर्धे पैसे तिला.
तिचं बस्तान बसेपर्यंत पोटगी, दोन वर्षं.
मुलाचा खर्च निराळा, निराळ्या खिडकीवर.
आता दोनशे अकराचे दोन भाग कसे करायचे,
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, एक रिकामी आहे.

खोटं होतं ते.
एक फार अशक्त होती,
हिवाळा काढेलसं वाटत नव्हतं.

हुकूमनाम्यात अंतर लिहिलेलं नव्हतं.
माश्यांना ते लागतं.
पाच किलोमीटरच्या आत हलवलं
तर त्या जुन्या जागीच परत येतात.
म्हणून मेरेअनानं माटाउराच्या पार पलीकडे जागा धरली.
एका रात्री, तोंडं गवतानं बुजवून,
एकशे पाच पेट्या ट्रकवर चढल्या.
पट्टे लॅक्लननंच आवळले.
तिच्या गाठींवर त्याचा कधीच भरवसा नसे.
डावं दार त्यानं बाहेरून उघडून दिलं
आणि धुराचं भांडं तिच्या पायांशी ठेवलं.
ते माझ्या तक्त्यात त्याच्या नावावर आहे.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.
त्या रात्री बाहेर राहिलेल्या काही माश्या
मोकळ्या फळ्यांवर घोळका करून बसल्या आहेत,
ओंजळभर.
कुणाच्या धरायच्या?

फाइल बंद झाली होती.
मी म्हटलं, ती रिकामी पेटी आहे ना.

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"ती रिकामी नव्हती," तो म्हणाला,
"तुला माहीत होतं."
आणि मग, घसा साफ करून:
"पाण्यात साखर किती घालायची,
तेवढं तिला विचारून सांगशील?"

मी नंबर लावला.
हा फोन बिलात धरलेला नाही.