साचलेले पाणी, क्रमांक चार

फायलीत याला तळं म्हणत नाहीत.
लिहितात : साचलेले पाणी, क्रमांक चार.
लांबी सव्वादोन किलोमीटर, रुंदी वाऱ्यावर,
खोली – ती मोजायलाच आलोय
मी, दोरी, बाटल्यांची पेटी
आणि मॅक्रे, ज्याच्या नाकाची साल मेपासून निघतेय.

अल ऐनच्या बाहेर, वाळूच्या तिसऱ्या रांगेमागे
पंचवीस वर्षांपूर्वी हे नव्हतं.
मग शहरात बागा झाल्या.
समुद्र गोड करून नळातून इथवर आणला,
लोक न्हाले, भांडी घासली,
तेच पुन्हा गाळून खजुरांना पाजलं, चौकातल्या हिरवळीला,
आणि उरलं ते खाली जात राहिलं, कुणाला न सांगता.
आमच्याकडे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे खरंच मुरत होतं.
एका पहाटे उंट थबकले. पुढे पाय टाकेनात.

हे सालेम बिन खमीसनं सांगितलं.
घाफची झाडं उभ्या उभ्या बुडाली, म्हणाला,
मासे कुणी आणले देव जाणे.
आणि तिथे, त्या वाळक्या फांदीच्या उजवीकडे,
आजोबांची विहीर होती.
सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी.
(सात पुरुष, मी मनात म्हटलं.)
तिच्यावरून दोन घराण्यांनी नऊ वर्षं
एकमेकांची कॉफी टाकली होती.
आता विहीर बुडाली. तीही पाण्यात.
तो हसला नाही, म्हणून मीही.

मॅक्रेच्या गावचं तळं बर्फानं कोरलेलं.
मधे ओंडक्यांवर रचलेलं बेट,
आणि तळाशी घंटा :
चर्चला नेताना नाव कलंडली,
धुकं असलं की वाजते, असं त्याची आत्या सांगे.
काहीतरी बुडालेलं असल्याशिवाय
त्याला तळं म्हणू नये, हे त्याचं मत.
मी लोणारची. आमच्या पाण्यात बुळबुळीत खार,
आणि उल्का पडल्याची गोष्ट.
मी काही बोलले नाही.

तीन पूर्णांक चार. तीन पूर्णांक पाच.
पुन्हा तीन पूर्णांक चार.
रबरी नावेचा तळ उन्हानं चटके देत होता.
वाळक्या फांदीच्या उजवीकडे शिसं सोडलं
आणि दोरी थांबेना.
पाच. सात. हातातून ओली ओली सरकत
अकरावर टेकली.
मॅक्रेनं टोपी काढली. कानही लावला असता,
पण नाव डुगडुगली.

काठावरून सालेमनं हाक दिली, लागला का तळ?

तक्त्यात असा आकडा चूक धरून गाळतात.
मी खालचं पाणी वर घेतलं,
झाकण लावण्याआधी, नियम मोडून, बोट बुडवून चाखलं :
गार, किंचित मचूळ.
चिठ्ठीवर लिहिलं, क्रमांक चार,
आणि पुढे, जागा नव्हती तरी,
बारीक अक्षरात : विहीर.