घुंगराचा खडा

हुपरीहून साडेसातची एसटी.
डब्यात भाकरी, पिशवीत दवाखान्याची वही
आणि आत कापूस कोंबलेली गोळ्यांची बाटली,
वाजू नये म्हणून.

दिवसभर मी पैंजणांना घुंगरं जोडते.
एकेकाच्या पोटात एकेक खडा,
डाग द्यायचा, निवू द्यायचं,
कानाशी धरून हलवायचं.
न वाजणारं घुंगरू शेठ परत पाठवतो.

अण्णाप्पा गेला त्याला नऊ वर्षं झाली.
त्याच्यावर रागवायचं होतं,
पण रात्री त्याच्या खोकल्यात गेल्या.
राग तसाच पडून आहे,
वारसनोंद न झालेल्या गुंठ्यासारखा.

सीपीआरमध्ये मेहजबीन मॅडम
रिपोर्टावर बोट ठेवून हसल्या.
"विषाणू सापडतच नाही बघा, अक्काताई. छान."

छान.
मग माझा कप मी अजून वेगळा का ठेवते?
कुणी सांगितलेलं नाही. जाऊच ओरडते,
"हितं काय सोवळं मांडलंयस गं?"
तिच्या लहानग्याचा पापा घेताना
श्वास का धरते?
पहाटे तीनला उठून
दाराची कडी चारदा का चाचपते?
ते कुठल्या रिपोर्टात सापडतं?

मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"झोप लागते का?"

नऊ वर्षांत रक्त विचारलं, वजन विचारलं,
नवरा विचारला.
हे पहिल्यांदाच.
रडू येईल वाटलं. आली जांभई,
लांबलचक, जबडा दुखेस्तोवर,
आणि मलाच हसू फुटलं.

चिठ्ठी दिली. मनाचे डॉक्टर, जिना चढून डावीकडं.
म्हणजे आणखी एक गोळी.
दोन्हींतली जास्त लाजेची कुठली
ते जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत ठरेना.
वर बाकावर आमच्या गल्लीतली शालन बसलेली.
तिनं भिंतीकडं बघितलं, मी पंख्याकडं.
मधे एका माणसाची जागा रिकामी.
बऱ्याच वेळानं तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.
मी सरकले.

परतीच्या गाडीत शेजारीण म्हणाली,
"काय आणलंस?"
"गोळ्या."
"कसल्या?"
"झोपंच्या."
"मलापण लागत न्हाई बाई,"
म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर
पट्टणकोडोलीपर्यंत घोरली.

घरी आल्यावर बाटलीतला कापूस
काढला नाही.
थोडा सैल केला.
मग कानाशी धरून
हलवून बघितली.