प्रश्नचिन्ह टाकलं तर

नवी पेठेतला हॉल, दुसरा मजला,
पंख्याला एकच वेग, तोही त्याच्या मर्जीचा.
बावीस जण. गळ्यात ओळखपत्रं, काहींची अजून कोरी करकरीत.
शिरूरहून पहाटेची एसटी धरून आलेली रेवती घोलप,
पोर्टलवाला सुधन्वा, ज्याला तासाला तीन बातम्या लागतात,
शेवटच्या रांगेत तन्वीर बागवान,
वही उघडी, पेन बंद.

मी फळ्यावर लिहिलं: विशिष्ट.
सगळे हसले. सगळ्यांनी वापरलाय.
मीही. तेहतीस वर्षं डेस्कवर होतो,
विशिष्ट समाजाचा जमाव कितीदा रस्त्यावर आणला
मोजलं नाही.
नाव न घेता नाव घ्यायची आपली जुनी सोय.
जमावाला आपण चटकन धर्म देतो,
मेलेल्याला वय आणि राहण्याचा पत्ता,
आणि जो मध्ये पडला, ज्यानं वाचवलं,
तो नुसताच 'एक तरुण'.

मग सराव.
कात्रजला टँकरवर मारामारी, तीन हंडे, एक फुटलेलं डोकं.
पन्नास शब्दांत करा.
रेवतीनं सगळी आडनावं खोडली,
मग एक परत लिहिलं, मग थांबली.
"जखमीचं तरी हवं ना, सर?"
म्हटलं, मला काय विचारतेस, त्या बाईला विचार.
"आणि भाषणात तो खरंच तसं बोलला असेल तर? गाळायचं?"
गाळू नकोस.
त्याचं वाक्य त्याच्या तोंडात राहू दे,
आपल्या मथळ्याच्या तोंडी घालू नकोस.
आणि खरं काय ते शेजारीच लिही,
त्याच पानावर, त्याच टायपात.

सुधन्वा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला,
"प्रश्नचिन्ह टाकलं तर चालतं ना, सर?"

चालतं.
चांगलं चालतं.
माझं चाललं होतं.

भवानी पेठेतली बेकरी. रात्री साडेअकराला फोन,
पान सोडायला बारा मिनिटं.
चार शब्द लिहिले आणि शेवटी ते टाकलं,
वाकलेलं, खाली एक थेंब.
वाटलं, झालं, आता हे माझ्या डोक्यावर नाही,
वाचणारा ठरवेल.
वाचणाऱ्याला चार शब्द दिसले.
सकाळी आठपर्यंत शटरला डांबर फासलेलं होतं.
खुलासा चौथ्या दिवशी: पान सात,
निविदा सूचनेच्या पोटाखाली, तीन ओळी.
त्यात मात्र सगळे पूर्णविराम.

वर्षभरानं गेलो तिथं. का, ते सांगता येत नाही.
पावशेर खारी मागितली.
म्हाताऱ्यानं तोलली, काटा बरोबर आला,
तरी वरून दोन टाकल्या.
ओळखलं नाही मला. कसं ओळखणार?
मथळ्याखाली सही नसते.

एवढं सांगून मी खडू ठेवला. बोटं पांढरी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.
खाली टिळक रोडच्या बाजूनं कुणाचा तरी लाऊडस्पीकर
तपासला जात होता, हॅलो, हॅलो, एक, दोन.

सुधन्वानं मोबाइल माझ्यापुढे धरला.
हडपसर. एका डॉक्टरबाईंचा फोटो, खाली लाल अक्षरं,
चार तासांत नऊ ग्रुप फिरून आलेली.
त्याचा मथळा तयार होता.
शेवटचं चिन्ह त्यानं अंगठ्यानं पुसलं,
वाचलं,
पुन्हा वाचलं.
"ते काढलं तर हे उभंच राहत नाही, सर."
मग?
"मग विचारायला पाहिजे."
कुणाला?

तो बाईंच्या फोटोकडे बघत राहिला.
नंबर कुठून आणणार, हे पुटपुटला असावा,
कारण शेवटच्या रांगेतून दिवसभरातलं पहिलं वाक्य आलं:
"माझ्याकडे आहे. आमच्या गल्लीतच दवाखाना त्यांचा.
घ्या, नव्वद अकरा..."

चहा आला होता, कुणी उचलला नाही.
सुधन्वानं फोन स्पीकरवर टाकला.
रिंग जात होती.
"हॅलो? कोण बोलतंय?"
"मॅडम, पत्रकार आहे. नाही, नाही, ठेवू नका.
अजून छापलेलं नाही.
म्हणूनच विचारतोय."