सराफ्यातला काटा

शटर ओढता ओढता थांबले नेमिचंदजी.
समोरच्या ओट्यावर भुट्ट्याच्या किसाची कढई चढलेली.
घरचा काटा कणकेचा,
ग्रॅमाखालचं त्याला दिसतच नाही
आणि विमान तर दर रविवारी डावीकडे कलतं.

आधी पंखा बंद करवला.
मग एकेक पंख तिरपा करून
काचेच्या पेटीत.
बाल्साचं लाकूड; आम्ही श्वाससुद्धा आखडून.

डावा जास्त. शून्य पूर्णांक छत्तीस.

तिथंच तर लेकीनं नाव लिहिलंय,
शर्मिष्ठा,
लाल रंगात, जोडाक्षरांसकट,
दोनदा गिरवून.

"खरवडू?"

ते काही बोलले नाहीत.
गल्ल्याच्या कोपऱ्यातून तीन गुंजा वेचल्या,
तळहातावर दिल्या:
"दाएँ में चिपका लो."

पैसे घेईनात.
किस तेवढा माझ्याकडून.