दिसत नाही

तासाला साठ खुणा.
घड्याळ पीप करतं त्या क्षणी
अस्वल जे करत असेल तेच लिहायचं,
आधीचं नाही, नंतरचं नाही,
आणि तिच्या मनातलं तर मुळीच नाही.
रकाने सहा : चालणे, बसणे, खाणे, हुंगणे, उकरणे,
आणि कडेला, अरुंद : दिसत नाही.

सॅंडस्की, ओहायो. ऑक्टोबर.
सरोवरावरचा वारा कानटोपीच्या आत शिरतो.
मी बाकावर, मांडीवर फळी, पेन्सिलीला दोरा.
मुलगा म्हणाला, आई, घरात बसून काय करशील,
तिथे स्वयंसेवक हवेत, तुला मोजायची सवय आहे.
आहेच. एक्याण्णव साली
कोरेगावची निम्मी आळी मी मोजली होती,
शाळा सुटल्यावर, दारोदार.

मेबल चौदा वर्षांची.
भारतातलं अस्वल, असं पाटीवर आहे.
जन्म इथलाच; वारूळ तिने पाहिलेलं नाही.
पहिल्या आठवड्यात माझा एकच रकाना भरला.
भिंत, ओंडका, वळसा, मानेला झटका,
पुन्हा भिंत.
मातीत तिची वाट उमटली होती : आठाचा आकडा,
इंग्रजी आठ, दोन्हीकडून बंद.
आपल्या आठाला निदान एक बाजू उघडी असते.

लोक म्हणत, बघा, कशी मजेत नाचतेय.

लॉरेटाने, तेवीस वर्षं चाव्या कमरेला,
नोव्हेंबरात काम काढलं.
ओंडक्याला गिरमिटाने भोकं, आत अळ्या आणि मध.
आगीच्या बंबाचा जुना पाइप विणून झोळी.
ताटात जेवण बंद. शोध, म्हणाली, आणि खा.
एकदा मला विचारलं,
तुझ्या स्वयंपाकघरात वासाचं काय आहे?
मी दगडफूल नेलं. चिमूटभर जिरं.
डॉक्टरने तपासलं, चालेल म्हणाला.
त्या दिवशी हुंगणे : एकेचाळीस.
पुरचुंडीपाशी ती अशी बसली
जशी चष्मा हरवलेली बाई
आलेलं पत्र हातात घेऊन बसते.

मग मातीची टेकडी, मागे सुकं गवत,
आणि एक आडोसा
ज्याचं तोंड काचेकडे नाही.

आता भरू लागला तो कडेचा रकाना.
बारा. एकवीस. चौतीस.
पोरं काचेला नाक लावून रुसली.
एका बापाने तिकिटाचे पैसे परत मागितले.
कचेरीतून प्रूइटसाहेब आले, तक्ता उलटसुलट पाहिला,
म्हणाले, यात तर काहीच नाही.
लॉरेटा म्हणाली, तेच तर.

शिरगणतीतही असायचं एक : घर बंद.
तीनदा जायचं, मगच लिहायचं.
हेडमास्तर ते पाहून चिडत.
मला मात्र त्या कुलपांकडे बघून बरं वाटे.
गेली असेल बाई कुठेतरी,
कुणी न विचारता.

आठ मोडला असं मी म्हणणार नाही.
चारच्या सुमारास, आतलं दार खडखडायच्या आधी,
ती अजून उठते. भिंत, ओंडका, वळसा.
सात खुणा, कधी नऊ. सगळ्या लिहिते.
टेकडीच्या पलीकडेही भिंतच आहे,
हे तिला माझ्याआधी कळलंय.

फेब्रुवारी. बाकावर बर्फ, झटकून बसले.
प्रेक्षक कुणी नाही.
टेकडीमागून आवाज येतोय :
भोकाला ओठ लावून फुंकणं, मग जोरात ओढणं,
पुन्हा फुंकणं.
कुणी शिकवलं असेल हिला?
तक्त्यात आवाजाला रकाना नाही.

घड्याळ पीप करतं.
दिसत नाही, मी लिहिते,
आणि पेन्सिल जरा जास्तच दाबते.