रडण्याचे वीस डॉलर जास्त

सिनेमावाले आमच्या गावी आले, तेव्हा त्यांना
गर्दी हवी होती. तयार, आणि शक्यतो स्वस्त.
व्हर्जिल म्हणाला, 'गर्दी म्हणजे आपणच की, लॉर्ना.'
म्हणून अंड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून,
हाताला पिवळ्या बलकाचा वास तसाच,
आम्ही काउंटी मैदानावरच्या जुन्या हॉलमध्ये जाऊन बसलो.
चौथी रांग. आमचीच, पूर्वीपासून.

गोष्ट अशी :
दोन मठ्ठ मित्र, कुस्तीपायी लग्नाच्या दिवशी
चर्चमधून पळालेले.
एक शेणाच्या टाकीत दोनदा पडतो,
दुसऱ्याची चड्डी तीनदा फाटते,
आणि एका डुकराला संवाद आहे.

दिग्दर्शक पोरसवदा, आवाज मऊ.
'जरा अजून वेडे दिसा,' तो म्हणाला,
तर व्हर्जिलने मागे वळून पाहिलं,
कुणाला म्हणतोय म्हणून.
त्याच्या अंगात एक्क्याण्णव सालचा बनियन,
छातीवर ग्रॅव्हल किंगचा चेहरा,
धुऊन धुऊन आता नाक तेवढं उरलेला.
कपडेवाली बाई हरखली : 'अय्या, हा कुठल्या दुकानात मिळाला?'
'आईने दिलाय,' व्हर्जिल म्हणाला.
तिने वहीत लिहून घेतलं.

मग पडद्याआडून तो आला.
गुलाबी झालरीचा लंगोट, डोक्यावर कोंबडीची पिसं,
सिनेमातलं नाव भलतंच काहीतरी,
पण डावा गुडघा आम्ही ओळखला.
ग्रॅव्हल किंग.
हल्ली मन्सीला पावाची गाडी चालवतो म्हणे.
त्रेसष्ट वर्षांचा.
एके काळी रिंगणात शिरताना मुठीतून
चिमूटभर खडी गर्दीत उधळायचा;
आमच्या आईच्या शिवणाच्या डब्यात
बटणांमध्ये त्यातला एक खडा असायचा.

'याच्यावर हसायचं,' आम्हाला सांगितलं,
'शिडीवरून पडला रे पडला, की हसायचं.
कुणाला रडता येत असेल तर वीस डॉलर जास्त.'

पडला.
'पुन्हा.'
पडला.
कुणाचा तरी फोन वाजला. पुन्हा.
डुक्कर चौकटीत आलं नाही. पुन्हा.

लोक म्हणतात, लुटुपुटूची असते ही कुस्ती.
असेल. आवाज तळहाताचा असतो,
तो आपटतो आधी, हे आम्हाला
सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे.
पण पाठीला तिचा वाटा मिळतोच.

नवव्या वेळी तो उठला नाही.
हसणारे हसले, सांगितल्याप्रमाणे.
दिग्दर्शक म्हणाला, 'कट, छान.'
तो उठला नाही.

आणि व्हर्जिलने पाय आपटायला सुरुवात केली.
हळू. एक. मग दुसरा.
पाठीमागे ओडेल, पंपावरची जिनीव्ह,
प्रोस्ट बंधू दोघेही, ज्यांचं आपसात
बोलणं नाही जमिनीवरून.
फळ्या धुमसू लागल्या.
'कट! अहो, कट म्हटलं!'
कुणाला म्हणतोय?
आम्ही मोजत होतो. पाच. सहा.
नऊला तो उठायचा, नेहमी नऊला,
आणि नऊला उठला,
एक पीस कपाळाला चिकटलेलं,
लंगोटाला खिसा नव्हता, मूठ रिकामी,
तरी त्याने ती उधळली आमच्यावर.

व्हर्जिलने हात वर करून काहीतरी झेललं.
शपथ.
मूठ बंद करून, ढसाढसा रडत,
तशीच पँटच्या खिशात घातली.

संध्याकाळी पैसे वाटणाऱ्याने
त्याच्या नावापुढे वीस जास्त लिहिले.
व्हर्जिलने खोडायला लावले.
(मी त्याच्यावर दोन दिवस चिडले होते.
गाडीचा टायर बदलायचा होता.)

सिनेमा आला मार्चमध्ये, दोन आठवडे टिकला.
आमचा प्रसंग चार सेकंदांचा :
व्हर्जिलचं उघडं तोंड, वाहतं नाक,
मागून पिपाणीचा फुसका आवाज घातलेला.
थिएटर हसलं.
व्हर्जिल सगळ्यात मोठ्यांदा हसला,
मक्याच्या लाह्या सांडल्या माझ्या मांडीवर.

घरी येताना बराच वेळ गप्प होता.
उजवा हात खिशात, डावा स्टिअरिंगवर.
मग म्हणाला,
'डुकराने मात्र काम छान केलं, नाही?'